न लागलेला मॉर्निंग शो

जिलानींनी गठ्ठ्यातलं पुढचं ओळखपत्र उचललं, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि नाव मोठ्यानं वाचलं.

“बिराजदार शिवकन्या गुरुपादप्पा.”

शेवटच्या शब्दापाशी त्यांचा आवाज बसला. क्लासच्या फाटकासमोर जूनच्या उन्हात दोनेकशे पोरंपोरी रांगेत उभी होती. कुणी नांदेडहून आलेलं, कुणी अर्धापूरहून, कुणी पार हिमायतनगरहून. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या काखेत गादीची वळकटी. त्यातून एक उंच, सावळी पोरगी पुढं आली. तिच्या मागं डोक्यावर ट्रंक घेतलेला एक माणूस होता. त्यानं ट्रंक खाली ठेवली आणि मान वर केली.

अठरा वर्षांत बिराजदार गुरुजींचे केस पांढरे झाले होते. चालण्यात एक पाय ओढल्यासारखा वाटत होता. त्यांनीही ओळखलं, हे जिलानींना त्यांच्या हातावरून कळलं. टोपी सारखी करायला वर गेलेला हात मध्येच थांबला होता.

“बरं हाय का?” गुरुजी म्हणाले.

“हाव, गुरुजी. तुम्ही?”

“पोरीला बसायला जागा कुठं हाय?”

“पोरी वर बसतात. बाल्कनीत.”

“दार जवळ हाय का तिथनं?”

“हाय. मी दारापाशीच बसवतो तिला.”

गुरुजींनी मान हलवली. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्याशी दोन शब्द बोलले आणि बसस्टँडच्या दिशेनं चालू लागले. वळून काही पाहिलं नाही. रांगेतल्या पुढच्या पोरानं दोनदा “चाचा, माझं?” म्हटलं, तेव्हा कुठं जिलानींनी खालचं ओळखपत्र उचललं.

हा क्लास म्हणजे लातूरची पूर्वीची गुलशन टॉकीज. उताराच्या फरशीवर आता बाकडी होती आणि पडद्याच्या जागी पांढरा फळा. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत तिथं रसायन, भौतिक आणि जीवशास्त्र चालायचं. मालक बदलले, धंदा बदलला, पण इमारतीची वायर न् वायर जिलानींना ठाऊक होती म्हणून त्यांना ठेवून घेतलं होतं. माइक, पंखे, जनरेटर, फळ्यावर चित्रं टाकणारा प्रोजेक्टर, सगळं त्यांच्याकडं. मुलगा जावेद नांदेडहून सारखा बोलवायचा, अब्बा, आता बस झालं, इकडं या. जिलानी म्हणायचे, येतो, येतो. आणि जायचे नाहीत.

सव्वीस वर्षं त्यांनी गुलशनच्या केबिनमध्ये मशीन चालवलं होतं. हिंदी पिक्चर काय, सगळेच बघतात. जिलानींचा जीव होता तो रविवारच्या मॉर्निंग शोवर. साडेदहाला इंग्रजी पिक्चर लागायचा, जुना, ओरखड्यांनी भरलेला. हैदराबादहून उदगीरच्या एसटीच्या टपावर रिळांची पेटी यायची आणि तिच्यात काय निघेल याचा नेम नसायचा. कधी बंदुकीचे पिक्चर, कधी समुद्रावरचे. पण महिन्या-दोन महिन्यांनी त्यातून विलायती भुतांचा एखादा निघाला की जिलानी आदल्या दिवशीच मशीनची भिंगं मऊ फडक्यानं पुसून ठेवायचे.

या शोला गर्दी व्हायची ती कॉलेजच्या पोरांची, भलत्याच आशेनं आलेल्या. पडद्यावर बाया गळ्यापर्यंत झाकलेल्या बघून ती पोरं मध्यंतरात शिव्या देत निघून जायची. मग एका रविवारी केबिनच्या झरोक्यातून जिलानींना दिसलं की अख्ख्या बाल्कनीत एकच माणूस उरला आहे. पांढरी टोपी, हातातली पिशवी मांडीवर, आणि मान जराही न हलवता बसलेला. खेळ संपल्यावर जिलानींनी त्याला वर बोलावून चहा पाजला. किल्लारीच्या अलीकडल्या बोरवाडीचे प्राथमिक शिक्षक, गुरुपादप्पा बिराजदार.

“इंग्रजी समजतं का तुम्हाला, गुरुजी?”

“थोडं थोडं. पण याला कुठं लागतं इंग्रजी? ते धुकं बघा की! आपल्याकडं कुठं असतंय असलं धुकं?”

तिथून दोस्ती जमली. दर रविवारी गुरुजी पहिल्या एसटीनं लातूरला यायचे. भुताचा पिक्चर असला तर खेळानंतर दोघं केबिनच्या पायऱ्यांवर बसून तो पुन्हा एकदा बघायचे, तोंडानं. सरायीतली माणसं वाड्याचं नाव काढताच गप्प कशी झाली. घोडागाडीवाल्यानं पाहुण्याला अलीकडंच उतरवून घोडे कसे उलटे पळवले. ते रक्त, इतकं लाल, की खरं रक्तही त्यापुढं फिकं. नटांची नावं त्यांना माहीत नव्हती. जो उंच होता आणि कमी बोलायचा तो लंबू, आणि गालफडं बसलेला, सगळं शास्त्र जाणणारा तो डॉक्टरसाब. गुरुजींचं मत होतं की अमेरिकेचं भूत नुसतं अंगावर धावून येतं. विलायतेचं भूत आधी अदबीनं वाकतं, जिन्यात दिवा धरतं, आणि मग मानेकडं बघतं.

तीन वेगवेगळ्या पिक्चरमध्ये जिना तोच आहे, फक्त पडदे बदललेत, हे शोधून काढलं जिलानींनी. गुरुजींनी त्यांच्या पाठीवर थापच मारली.

“कंपनी गरीब दिसते, जिलानीभाई.”

“गरीब हाय म्हणूनच काम नेटकं करून राहिली.”

एकदा कबरस्तानातला लांबलचक प्रसंग झाला, तेव्हा गुरुजी हसून म्हणाले, “हे आपल्याच लोकांचे पिक्चर हायत. तुमच्यात पुरतात, आम्हा लिंगायतात बी पुरतात. जाळणाऱ्याला काय मजा कळणार याची?”

सोमवारी गुरुजी अख्खा पिक्चर शाळेत सांगायचे, आवाज काढून, खांद्यावरच्या पंचाचा झगा करून. पोरं घाबरायची आणि आणखी मागायची. सगळ्यात जास्त मागायची ती त्यांची स्वतःची दोन, नऊ वर्षांचा सिद्धेश्वर आणि सहाची उज्ज्वला. एकदा त्यांना लातूर दाखवायला आणलं होतं. उज्ज्वला केबिनमध्ये आली, मशीनभोवती फिरून आली आणि तिनं जिलानींना विचारलं, “ह्याच्यात माणसं बसवता तवा त्यांना गरम होत न्हाई का?” जिलानींनी हसत हसत घरी जाऊन ते बायकोला, वहिदाला सांगितलं, आणि पुढं कितीतरी दिवस सांगत राहिले.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात हैदराबादच्या कंपनीचं पत्र आलं. लंबू आणि डॉक्टरसाब दोघंही असलेला एक पिक्चर येतोय. फार जुना, इकडं कधीच न लागलेला. दोनच दिवस, बुधवार आणि गुरुवार, मग पेटी परत. जिलानींनी त्याच दिवशी गुरुजींना कार्ड टाकलं. बुधवारी अनंत चतुर्दशी होती, शाळेला सुट्टी. सकाळचा खेळ बघून संध्याकाळी गणपती बुडवायला घरी पोचतो, असा शब्द बायकोला देऊन गुरुजी आले.

पेटी आली नाही. उदगीरची गाडी वाटेत बंद पडली होती. मॉर्निंग शो रद्द झाला. दुपारभर दोघं वाट बघत बसले. चारच्या सुमाराला गुरुजींनी पिशवी उचलली.

“थांबा हो, गुरुजी,” जिलानी म्हणाले. “उद्या सकाळी पेटी आलीच समजा. गणपती दरसाल येतो. हा पिक्चर काय पुन्हा यायचा न्हाई.”

गुरुजींनी पिशवी खाली ठेवली.

पहाटे चारला लातूरही हललं. टॉकीजच्या वऱ्हांड्यात झोपलेले दोघं रस्त्यावर धावले, आणि सगळे उठून एकमेकांना हाका मारत होते तेव्हा कुणालाच कळलं नाही की आपल्याला भूकंपाचा नुसता वारा लागला आहे. उजाडता उजाडता दक्षिणेकडून पहिला ट्रक आला. त्यातली जखमी माणसं बघून गुरुजी उलट्या दिशेनं चालत सुटले. जिलानींनी त्यांना गाठून एका जीपमध्ये घातलं आणि स्वतःही चढले.

बोरवाडीत घर शोधायला गल्लीच उरली नव्हती. दगड आणि पांढरी माती. गुरुजी एका ढिगावर उभे राहिले, मग दुसऱ्यावर गेले, मग परत पहिल्यावर. तिसऱ्या दिवशी बायको महादेवी सापडली, चौथ्या दिवशी दोन्ही लेकरं. पाऊस लागून राहिला होता. घरांच्या तुळया आणि दारं रचून जवानांनी एकाच ठिकाणी सगळ्यांची सोय केली होती.

“आमच्यात पुरतात हो,” गुरुजी एका जवानाला म्हणाले.

जवानाला मराठी येत नव्हतं. जिलानींनी हिंदीतून सांगितलं. तो पोरगेला जवान खाली बघत म्हणाला, “वक्त नहीं है, चाचा.”

जाळ धरेपर्यंत गुरुजी हलले नाहीत. मग त्यांनी जिलानींकडं वळून, रोजच्या आवाजात, विचारलं, “पेटी आली का हो, जिलानीभाई?”

लातूरला परत येईपर्यंत, आणि पुढं वर्षानुवर्षं, जिलानी त्या प्रश्नाला उलटंसुलटं करून बघत राहिले. दर वेळी त्याचा एकच अर्थ लागायचा. तुम्ही मला थांबवलंत.

पेटी आली होती. गुरुवारी सकाळीच आली. आठ दिवस ऑफिसात पडून राहिली आणि सीलही न तोडता उदगीरच्या गाडीनं परत गेली. जिलानींनी तो पिक्चर कधी पाहिला नाही.

थंडीत वहिदानं एक जाड गोधडी शिवली. ती घेऊन जिलानी बोरवाडीकरांच्या पत्र्याच्या शेडांमध्ये गेले. शेजारची साखराबाई पुढं येऊन म्हणाली, “गुरुजी न्हाईत घरी.” शेडच्या दारात गुरुजींच्या चपला होत्या. जिलानींनी गोधडी साखराबाईच्या हातात दिली आणि आल्या पावली परतले. पुन्हा गेले नाहीत. चार वर्षांनी कुणाकडून तरी कळलं, गुरुजींनी दुसरं लग्न केलं, दोन वर्षांची एक मुलगीही आहे. जिलानी म्हणाले, बरं झालं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

आता ती मुलगी रोज सकाळी साडेसहाला जिना चढून बाल्कनीत दाराजवळ बसायची. क्लासमध्ये फोन चालत नसत. पोरींचे फोन जिलानींपाशी जमा व्हायचे आणि जेवणाच्या सुट्टीत परत मिळायचे. दीड वाजता शिवकन्याचा फोन न चुकता वाजायचा. फोनच्या पडद्यावर ‘बाबा’ अशी अक्षरं उमटायची. जिलानी तो दोन बोटांत धरून तिच्याकडं न्यायचे आणि लगेच दूर जाऊन उभे राहायचे.

सप्टेंबरात ती तास चालू असताना उठून बाहेर जायला लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. चाचणीत साठ टक्क्यांवरून पस्तिसावर आली. सरांनी जिलानींना बोलावून सांगितलं, “त्या बिराजदारच्या वडिलांना फोन लावा. असंच चालणार असेल तर पोरीला घेऊन जा म्हणावं. बाहेर शंभर पोरं थांबलीत.”

जिलानी फोन न लावता जिना चढले. जुन्या केबिनच्या पायऱ्यांवर ती डबा मांडीवर घेऊन बसली होती. डबा उघडलेला नव्हता.

“तासाला का बसत न्हाई, बेटा? समजत न्हाई का?”

“समजतं.”

“मग?”

तिनं वर बघितलं. “स्लॅब हाय ना, चाचा. पंखे जोरात फिरले की हालल्यागत वाटतं. मला माहीत हाय, पंख्यानं वाटतंय. तरी बी उठूनच जाते मी.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “मी तर तवा जन्मले बी नव्हते. पण आमच्या घरात कुणीच आत झोपत न्हाई. सरकारनं पक्कं घर दिलंय, त्यात आम्ही ज्वारीची पोती ठेवतो.”

जिलानी एक पायरी सोडून खाली टेकले. तिनंच विचारलं.

“हितं टॉकीज होती ना? आन् तुम्ही मशीन चालवायचात.”

“तुला कोण म्हणलं?”

“बाबा. तुम्ही गोष्टीत येता.”

“गोष्टीत?”

“हाव. अंगणात बाजंवर पडलं की बाबा गोष्ट सांगतात. दर टायमाला आधी अंधार होतो, मग जिलानीभाई दिवा लावतात. तुम्ही दिवा लावल्याबिगर गोष्ट सुरूच होत न्हाई.” ती जरा हसली. “लहानपणी मला वाटायचं, जिलानीभाई म्हंजे कुणी देव-बीव हाय.”

जिलानींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. काचा स्वच्छ होत्या.

“लंबूच्या सगळ्या गोष्टी मला पाठ हायत,” शिवकन्या म्हणाली. “पण मला लई आवडते ती शेवटची. बाबांनी हितं शेवटचा बघितलेला पिक्चर. गणपती बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशीचा.”

जिलानींचा हात थांबला.

“कसा हाय तो?”

“तुम्हाला ठाऊकच असंल की.”

“सांग तरी.”

“धुकं पडलेलं असतंय. एक भाऊ आन् एक बहीण मेलेले असतात, त्यांना पुरलेलं असतंय. नीट, फुलं-बिलं टाकून. मग एका दिवशी दोघं उठून घरी येतात. दार वाजतंय. डॉक्टरसाब म्हणतो, उघडू नका, ते तुमचे राहिलेले न्हाईत. सगळी माणसं सांगतात, उघडू नका. तर त्यांचा बाप उठतो आन् दार उघडतो.”

खालच्या गल्लीतून पोरांच्या सायकली खडखडत गेल्या. त्या जाईपर्यंत ती थांबली.

“पोरांच्या केसात सगळी माती असती. आई चुलीवर पाणी तापवती, दोघांला न्हाऊ घालती. मग ती जेवतात आन् झोपून जातात.”

“मग?”

“मग काय न्हाई. सकाळी उठून शाळेला जातात.”

शिवकन्या डब्याच्या कडीशी बोटानं खेळत होती.

“माझी मैत्रीण म्हणती, असं कुठं नसतंय. इंग्रजी पिक्चरमधी मेलेल्याच्या छातीत खुंटी ठोकतात, तवाच संपतोय म्हणं.” ती वर न बघता पुढं म्हणाली, “आमच्या घरात फोटो हाय, चाचा. त्या दोघांचा. बाबा त्यांचं काय बी सांगत न्हाईत, कधीच न्हाई. हीच एक गोष्ट सांगतात. म्हणून विचारते. खरंच असा होता का तो पिक्चर? का बाबा...”

तिनं वाक्य सोडून दिलं.

जिलानींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. एवढ्या वर्षांत त्यांनी चालवलेल्या पिक्चरबद्दल कुणी काही चुकीचं बोललं की ते भर चौकात थांबून दुरुस्त करायचे. कितव्या रिळात काय होतं ते सांगायचे.

“असाच होता,” ते म्हणाले. “बाप दार उघडतो. मी सोता मशीन चालवलंय ना.”

“खरं?”

“खरं. बाल्कनीत तुझे बाबा एकटेच होते त्या दिवशी. शेवटपर्यंत बसले.”

शिवकन्यानं श्वास सोडला. खांदे जरा सैल झाले. त्याच वेळी जिलानींच्या खिशातला फोन थरथरला. रोजच्यासारखा त्यांनी तो दोन बोटांत धरून तिच्यापुढं केला. तिनं उचलला, “हां बाबा” म्हणाली, आणि मग जिलानींना कळायच्या आत, “बाबा, मी जिलानीचाचांपाशी बसलेय, घ्या, बोला,” म्हणून त्यांच्या कानाला लावला.

पलीकडं कुणीतरी पत्र्यावर काही वाळत घालत असल्याचा आवाज येत होता. तोही थांबला.

“गुरुजी,” जिलानी म्हणाले.

त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला.

“पोरगी त्या पिक्चरचं विचारून राहिली होती. शेवटच्या.”

“काय सांगितलं?” गुरुजींचा आवाज अगदी बारीक होता.

“म्हणलं, तसाच होता. तुझे बाबा सांगतात तसाच.”

पलीकडून एक लांब श्वास, आणि नाक ओढल्याचा आवाज. जिलानींनी दुसरा हात पायरीवर टेकवला. शिवकन्या त्यांच्याकडं बघत होती, म्हणून त्यांनी तोंड केबिनच्या बंद दाराकडं वळवलं.

“जेवलात का, जिलानीभाई?” गुरुजींनी विचारलं.

“न्हाई अजून.”

“पोरीच्या डब्यात चार भाकरी असतात. तिला एकटीला सरत न्हाईत. बसा तिच्यासंगं.” जरा थांबून ते म्हणाले, “तिथं दारापाशीच बसा.”

“हाव, गुरुजी.”

शिवकन्यानं डब्याची कडी काढली. ज्वारीच्या भाकरीवर शेंगदाण्याची चटणी होती, तेल सुटलेली. तिनं एक भाकरी मोडून अर्धी त्यांच्यापुढं धरली. जिलानींनी ती घेतली, पण फोन कानावरून काढला नाही. पलीकडून गुरुजींनीही अजून ठेवला नव्हता.